काजव्यांचा पंधरवडा

अहमदनगर जिल्हा म्हटला (२०२४ सालापासून त्याचें सरकारी नांव अहिल्यानगर झालें आहे) म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनापुढें प्रथम उभा राहतो तो दुष्काळ. चांदबीबीचा किल्ला, शिर्डीचें देवस्थान आणि पावसाची वाट पाहणारें उघडें रान, एवढ्यांत बहुतेकांचा नगर जिल्हा संपतो. परंतु याच जिल्ह्याच्या पश्चिम टोंकास अकोलें तालुका आहे आणि त्याची प्रकृति अगदीं निराळी आहे. पूर्वेकडील तालुक्यांत वर्षाकाठीं वीस-बावीस इंच पाऊस पडला तरी शेतकरी समाधान मानतो. इकडे घाटघर-रतनवाडीच्या कड्यावर कित्येक वर्षीं तो दोनशें इंचांच्या घरांत जातो. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर म्हणजे जुन्या हिशेबानें ५४०० फूट, याच तालुक्याच्या शिवेवर आहे. हरिश्चंद्रगड आणि रतनगड येथलेच. रतनगडाच्या कुशींत प्रवरा उगम पावते.

मे महिना सरत आला, वळवाच्या एकदोन सरी पडून गेल्या आणि हवेंत दमटपणा आला, म्हणजे या मुलखांतील हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर काजवे दिसूं लागतात. प्रथम एखाददुसरा, मग चारआठ दिवसांत झाडचें झाड. सबंध झाड एका क्षणीं उजळतें आणि दुसऱ्या क्षणीं विझतें. जूनच्या मध्यास पावसानें जोर धरला कीं हा खेळ संपतो. आतां योग असा कीं, हे पंधरा-वीस दिवस म्हणजेच शाळांच्या उन्हाळी सुटीचे शेवटचे दिवस होत, आणि त्यांत शनिवार येतात ते दोन किंवा तीन. मुंबई, ठाणें, पुणें, नाशिक येथील जें कुटुंब मुलांबाळांसह मोटारीनें बाहेर पडतें, तें याच दोन-तीन शनिवारीं पडतें. भंडारदऱ्याच्या जलाशयास वळसा घालून शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल या गांवांवरून जाणारा रस्ता जेमतेम दोन गाड्यांनीं एकमेकींस वाट द्यावी एवढा रुंद. त्यावर तिन्हीसांजेपासून मोटारींची रांग लागते आणि मध्यरात्र उलटली तरी हलत नाहीं. काळोख पाहावयास आलेल्या माणसाला पुढल्या गाडीचे तांबडे दिवे आणि मागल्या गाडीचे पांढरे दिवे यांखेरीज दुसरें कांहीं दिसत नाहीं. डोळ्यांपुढें काजवे चमकणें या वाक्प्रचाराचा अर्थ त्याला येथें नव्यानें कळतो.

ही गर्दी कोठून आली, आणि जो काळोख पाहण्यासाठीं ती येते तो काळोख या एवढ्याच मुलखांत कसा शिल्लक राहिला, हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत.

या प्रदेशाला बोलण्याच्या ओघांत राष्ट्रीय उद्यान म्हणण्याचा प्रघात पडला आहे. वास्तविक नगर जिल्ह्यांत राष्ट्रीय उद्यान एकही नाहीं. महाराष्ट्रांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान ताडोबाचें, तें १९५५ सालचें, आणि तें दूर चंद्रपुराकडे आहे. नगर जिल्ह्याच्या वांट्यास अभयारण्यें आलीं: कर्जत तालुक्यांत रेहेकुरीचें काळविटांचें लहानसें अभयारण्य, सोलापुराशीं वांटून घेतलेलें माळढोक पक्ष्याचें, आणि १९८६ सालीं जाहीर झालेलें हें कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य, क्षेत्र सुमारें ३६० चौरस किलोमीटर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें या दोहोंत जो भेद केला आहे तो केवळ नांवाचा नव्हे. राष्ट्रीय उद्यानांत गुरें चारण्यास थारा नाहीं आणि माणसाचे हक्क संपवावे लागतात. अभयारण्यांत लोकांचे कांहीं हक्क चालूं ठेवतां येतात. म्हणून कळसूबाईच्या पायथ्याचीं गांवें अभयारण्याच्या पोटांत आहेत, तेथें भाताचीं खाचरें आहेत, देवळें आहेत, शाळा आहेत. पाहुणा येथें निर्जन अरण्यांत येत नाहीं. तो दुसऱ्याच्या अंगणांत येतो, ही गोष्ट गाडींत बसलेल्या माणसाच्या ध्यानांत सहसा राहत नाहीं.

गर्दी मात्र या डोंगरांना नवीन नाहीं. नवरात्रांत कळसूबाईच्या शिखरावर चढणाऱ्या लोकांची रीघ लागते आणि महाशिवरात्रीस रतनवाडीच्या अमृतेश्वराला व हरिश्चंद्रगडाला माणूस लोटतें. हरिश्चंद्रगडावर चांगदेवांनीं वास्तव्य केलें व तेथेंच 'तत्त्वसार' रचलें. म्हणजे वर चढून येणाऱ्यांची परंपरा निदान सातआठशें वर्षांची आहे. पण ही जुनी गर्दी पायीं येत असे, दिवसां चढून दिवसां उतरत असे, आणि रात्रीं राहिलीच तर एखाद्या पलित्याच्या उजेडांत भजन करीत बसे.

कळसूबाईची कथा १८८४ सालच्या सरकारी गॅझेटियरमध्येंही आली आहे. कळसू ही कोळ्याची मुलगी. ती एका घरीं कामास राहिली ती दोन अटी घालून: भांडीं घासणार नाहीं आणि केर काढणार नाहीं. कांहीं दिवसांनीं घरांत पाहुणे फार झाले, तिला तेंच काम सांगण्यांत आलें. तिनें तें एकदां केलें आणि ती निघून डोंगरावर गेली, ती परत आली नाहीं. पाहुण्यांची गर्दी फार झाली म्हणजे केर कोणी काढावयाचा हा प्रश्न या डोंगरांत किती जुना आहे पाहा! आज जूनच्या रविवारीं सकाळीं रस्त्याच्या कडेचे प्लास्टिकचे पेले आणि बाटल्या गोळा करणाऱ्या हातांत कळसूच्या गांवच्या लेकीबाळींचे हात असतात.

येथील वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर यांची. त्यांना काजवा ही करमणुकीची वस्तु कधींच नव्हती. काजवे झाडावर आले म्हणजे मृग जवळ आला, राबाच्या जागेची राख पसरून घ्यावी, भात, नाचणी, वरई यांचें बीं काढून ठेवावें, घराच्या कुडाला पेंढा लावावा, असा तो कामाचा इशारा असे. ज्या काळोखाला आतां तिकीट लागतें, तो त्यांच्या दृष्टीनें नित्याचा होता. आणि एके काळीं तो त्यांचा सोबतीही होता. अकोलें तालुक्यांतील देवगांवचे राघोजी भांगरे यांनीं १८४४ पासून पुढें इंग्रजांविरुद्ध जें बंड मांडलें, त्याचा सारा भरंवसा या रानावर आणि या रात्रींवर होता. रानांत असेपर्यंत ते हातीं लागले नाहींत. पकडले गेले ते पंढरपुरास, आणि २ मे १८४८ रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत त्यांना फांशीं देण्यांत आलें.

बंडें मोडल्यावर रानाची मोजणी झाली. १८७८ च्या जंगल कायद्यानें राखीव आणि संरक्षित असे रानाचे वर्ग पडले, आणि राबासाठीं फांद्या तोडण्यापासून गुरें चारण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीला परवाना लागूं लागला. शेतकऱ्याला तो जाच झाला यांत शंका नाहीं. तथापि हिरड्याची झाडें उभीं राहिलीं. कायद्यामुळें जितकीं, त्याहून अधिक तीं लोकांच्या गरजेमुळें. बाळहिरडा वेंचून विकणें हें या डोंगरांतील कुटुंबाचें रोख पैशाचें एक मुख्य साधन आहे, आणि फळ देणारें झाड कोणी शहाणा माणूस तोडीत नाहीं. ज्या झाडांवर आज काजवे पाहावयाचे, त्यांत हिरड्याचें नांव पहिल्यानें घेतलें जातें. ज्यांनीं तीं झाडें राखलीं त्यांचें नांव मात्र जाहिरातींत नसतें.

यानंतर आलें धरण. १९१० सालीं प्रवरेवर भंडारदऱ्यास काम सुरू झालें आणि तें सोळा वर्षें चाललें. २७० फूट उंचीचा हा दगडी बांध त्या काळच्या हिंदुस्थानांतील सर्वांत उंच बांधांपैकीं एक होता. १० डिसेंबर १९२६ रोजीं मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें आणि त्याला त्यांचें नांव मिळालें. सुमारें ११ अब्ज घनफूट पाणी अडलें. तें अडलें वर, पण तें होतें खालच्यांचें. ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या कालव्यांनीं संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासें या बाजूचें रान भिजूं लागलें, ऊस आला, हरेगांवास बेलापूर कंपनीचा कारखाना उभा राहिला, आणि १९५० सालीं लोणीस विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नानें सहकारी साखर कारखाना निघाला. नगर जिल्ह्याची जी कांहीं श्रीमंती आहे, तिची मुळें बव्हंशीं या पाण्यांत आहेत. जलाशयाच्या कांठच्या लोकांच्या जमिनी पाण्याखालीं गेल्या आणि उरलेली डोंगरउतारावरची कोरडवाहू शेती पूर्वीप्रमाणेंच पावसावर राहिली. पुढें विजेच्याही योजना आल्या. घाटघर येथील २५० मेगावॅटची योजना २००८ सालीं चालूं झाली. तींत घाटमाथ्यावरचें पाणी खालीं कोकणांत सोडून वीज काढतात आणि विजेची मागणी कमी असेल त्या वेळीं तेंच पाणी पुन्हां वर चढवतात. उजेड सह्याद्रीच्या खालीं पडला; वर फारसा पडला नाहीं. भंडारदऱ्याचा काळोख असा शिल्लक राहिला. तो कोणी मुद्दाम जपला नव्हता. प्रगतीची गाडी येथून पाणी भरून पुढें गेली आणि येथें थांबली नाहीं, एवढेंच.

धरणानें दोन गोष्टी मात्र मागें ठेवल्या: एक पाण्याचा विस्तार, आणि दुसरी तेथवर येणारी वाट. १८६५ सालींच थळ घाटांतून लोहमार्ग इगतपुरीपर्यंत चढला होता, त्यामुळें मुंबईचा मनुष्य घोटीपर्यंत आगगाडीनें येऊं शके. पुढें बैलगाडी किंवा पाय. हौशी साहेब, इंजिनियर, क्वचित् एखादा शिकारी, एवढेच प्रवासी. सामान्य माणसाला घाटमाथा पाहावयास मिळाला तो मोटारीमुळें. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं अहमदनगर आणि पुणें यांच्या दरम्यान धांवली. ती ज्या जिल्ह्यांतून सुटली त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोंकास त्या रात्रीं काजवे लागले असतील, पण ते पाहावयास जावें असें कोणाच्या मनांतही आलें नसेल. पुढें एस्. टी. राजूरपर्यंत, शेंडीपर्यंत येऊं लागली. पाठीवर पडशी टाकून किल्ले हिंडणारी तरुण मंडळी तिनें आली. रात्रीं मुक्कामाला एखाद्याच्या ओसरीवर पडून सकाळीं चालूं लागणारी ही गर्दी फार थोडी होती आणि तिचा उपद्रव जवळजवळ नव्हताच.

उद्यान आणि मोटार यांचें नातें इतर देशांतही असेंच वाढत गेलें आहे. जगांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान अमेरिकेतील यलोस्टोन, तें १८७२ सालीं झालें. तेथें त्रेचाळीस वर्षें घोडागाडी चालली आणि १९१५ सालीं मोटारीस प्रवेश मिळाला. त्यानंतर उन्हाळ्याच्या सुटींत कुटुंबासह मोटारीनें उद्यानें पाहणें हा त्या देशाचा रिवाजच झाला. आपल्याकडे तो रिवाज उशिरां आला, पण घरोघर मोटार झाल्यावर वीसपंचवीस वर्षांत त्यानें तें अंतर भरून काढलें. अकोलें तालुक्यांत प्रथम पुरुषवाडीसारख्या गांवांनीं थोड्या पाहुण्यांना घरांत उतरवून, नाचणीची भाकरी आणि पिठलें वाढून, गांवच्याच पोराबरोबर रात्रीं काजवे दाखवण्यास पाठविण्याची पद्धत पाडली. नंतर भंडारदऱ्यास काजवा महोत्सव भरूं लागला, तंबू उभे राहिले, वृत्तपत्रांतून छायाचित्रें झळकलीं, आणि मोबाईल आल्यावर तर एका माणसानें काढलेलें चित्र दुसऱ्या दिवशीं दहा हजारांच्या हातांत गेलें.

ज्यांना काजव्याचा संसार ठाऊक आहे त्यांना यांतील अडचण चटकन् कळेल. काजवा ही माशी नव्हे. तो भुंगेऱ्याच्या जातीचा कीटक आहे. त्याचें बहुतेक आयुष्य जमिनींत, ओल्या पाचोळ्याखालीं अळीच्या रूपांत जातें, आणि ती अळी गोगलगाई खाऊन वाढते. पंख फुटलेला काजवा जगतो तो दोन-तीन आठवडे, आणि त्या अवधींत त्याला एकच काम असतें: जोडीदार शोधणें. पुष्कळ जातींत नर उडत उडत प्रकाशाची खूण करतो आणि खालीं गवतांत किंवा झुडपांत बसलेली मादी तिला आपल्या मंद प्रकाशानें उत्तर देते. हा उजेड उष्णता जवळजवळ नसलेला असतो. त्याच्या पोटांतील एका द्रव्याचा प्राणवायूशीं संयोग होऊन तो निघतो. आतां या संवादाच्या मधोमध मोटारीचे दोन दिवे सोडले म्हणजे काय होईल? नराला मादीचें उत्तर दिसत नाहीं. जिला तुडवूं नये ती मादी गवतांत, जिला तुडवूं नये ती अळी पाचोळ्यांत, आणि चांगलें छायाचित्र मिळावें म्हणून पाहुणा रस्ता सोडून शिरतो तो नेमका तेथेंच. ज्या वर्षीं नुकसान होतें त्या वर्षीं तें दिसत नाहीं, कारण त्या वर्षींचे काजवे आधींच झाडावर आलेले असतात. खोट दिसते ती पुढच्या हंगामांत, आणि तेव्हां पाहुणा दुसरीकडे गेलेला असतो.

अमेरिकेंतील ग्रेट स्मोकी माउंटन्स या १९३४ सालीं स्थापन झालेल्या उद्यानांत एल्कमाँट नांवाची जागा आहे. तेथेंही एकाच तालांत चमकणारे काजवे जूनच्या सुमारास निघतात. गंमत अशी कीं, तेथें उन्हाळ्यांत राहावयास येणाऱ्या कुटुंबांना ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या माहीत होती. शास्त्रज्ञांच्या कानावर ती गेली १९९० नंतर. मग गर्दी झाली, इतकी कीं २००६ पासून ऐन भराच्या आठ दिवसांत तेथें येणाऱ्या मोटारींवर बंधन घालावें लागलें. आतां चिठ्ठ्या टाकून ज्यांचें नांव निघेल त्यांनाच गाडी आणतां येते. विजेरीवर तांबडा कागद गुंडाळावा लागतो आणि तिचें तोंड जमिनीकडे ठेवावें लागतें. तेथील उद्यानांत गांवें नाहींत, म्हणून नियम करणें सोपें गेलें. भंडारदऱ्यास जो नियम करावयाचा तो शेंडीच्या खानावळवाल्याला, मुतखेलच्या तंबूवाल्याला आणि रतनवाडीच्या वाटाड्याला विचारून करावा लागतो, कारण ज्यांनीं पाणी दिलें, रान दिलें आणि मोबदल्यांत फारसें कांहीं पाहिलें नाहीं, त्यांच्या हातीं वर्षांतून या पंधरवड्यांत चार पैसे येतात. गर्दी बंद करा असें शहरांतून सांगणें सोपें आहे. तो सल्ला न्यायाचा नव्हे.

वनखात्यानें अलीकडे तपासणी नाके बसविले आहेत, प्रवेशशुल्क घेतलें जातें, रात्रींच्या वाहनांना वेळेची मर्यादा घातली जाते, भोंगे आणि मोठीं वाद्यें यांस मनाई केली जाते. हीं पावलें बरोबर दिशेनें पडलेलीं आहेत. पण नाका गाडी मोजतो, दिवा विझवीत नाहीं. गाड्या शेंडीसच थांबवून पुढें गांवच्या वाहनांतून, गांवच्या वाटाड्याबरोबर, थोड्या थोड्या माणसांना नेलें तर काजवेही राहतील आणि पैसाही गांवांत राहील, असें तेथल्याच जाणत्या लोकांचें म्हणणें आहे. आणि पुरुषवाडीची मूळची रीत पाहिली तर तें म्हणणें नवीन नाहीं, जुनेंच आहे. २०२० सालीं टाळेबंदीमुळें महोत्सव झाला नाहीं. त्या जूनमध्यें हिरड्याचीं झाडें नेहमीप्रमाणें उजळलीं, गांवकऱ्यांनीं नेहमीप्रमाणें बीं काढलें, आणि तंबूवाल्यांच्या घरीं नेहमीचा पैसा आला नाहीं. दोन्ही गोष्टी एकाच वर्षीं घडल्या.

मुंबईहून भंडारदऱ्यास यावयाचें म्हणजे पूर्वीं कसारा घाटांतील खोळंबा धरून अर्धा दिवस जात असे. नागपूर-मुंबई समृद्धि महामार्गाचा इगतपुरीपासून आमण्यापर्यंतचा शेवटचा टप्पा, डोंगराच्या पोटांतून जाणाऱ्या लांब बोगद्यासह, ५ जून २०२५ रोजीं खुला झाला आणि तो घाट गाडीवाल्यापुरता उरला नाहीं. तो दिवस काजव्यांच्या पंधरवड्यांतला होता, आणि पुढचा शनिवार अवघ्या दोन दिवसांवर होता.